विश्लेषण : जेवण सारखे, ट्रायग्लिसराइड वेगळे, असे का? समजून घ्या रक्तातील ‘अपोप्रोटीन’चे काम

शिर्डी : समजा, दोन सख्खे भाऊ शिर्डीला आले. दर्शन झाले, प्रसादालयात एकाच पंगतीत जेवले, निघताना पेढेही घेतले. घरचे जेवणही दोघांचे सारखेच. तरी लिपिड प्रोफाइलमध्ये एकाचे ट्रायग्लिसराइड १३०, दुसऱ्याचे ४१०. मग घरात तेल-तुपाला बोल लावला जातो. पण रक्तात चरबी किती आली याइतकेच ती किती वेगाने बाहेर पडते, हेही महत्त्वाचे असते. हा वेग ठरवणारी प्रथिने नेहमीच्या रिपोर्टमध्ये दिसत नाहीत.

प्रश्न आपल्या राज्याचाही आहे. महाराष्ट्रासह चार ठिकाणी झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत (२०१४) २९.५ टक्के लोकांचे ट्रायग्लिसराइड जास्त आढळले होते.

चरबी रक्तातून बाहेर कशी पडते?

तेल पाण्यात मिसळत नाही, तसेच रक्तातही. म्हणून आतडे आणि यकृत चरबीचे बारीक गोळे बांधतात. त्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. गोळ्यांच्या पृष्ठभागावर असलेली प्रथिने म्हणजे अपोप्रोटीन. स्नायू आणि चरबीच्या पेशींजवळच्या केशवाहिन्यांच्या भिंतीला ‘लायपोप्रोटीन लायपेज’ हे एन्झाइम चिकटलेले असते. गोळा जवळ आला की ते त्यातील ट्रायग्लिसराइड फोडते. सुटलेली मेदाम्ले स्नायू जाळतात, नाहीतर चरबीच्या पेशी साठवतात.

मात्र हे एन्झाइम एकट्याने नीट चालत नाही. शेतकऱ्याला सांगायचे तर एन्झाइम ही विहिरीवरची मोटर आणि गोळ्यावरचे अपोप्रोटीन सी-२ हा तिचा स्टार्टर. मोटर चांगली, पण स्टार्टरच नाही, तर पाणी चढणार कसे? १९७८ मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी असाच रुग्ण नोंदवला. त्याच्या रक्तात सी-२ जवळपास नव्हतेच आणि ट्रायग्लिसराइड प्रचंड होते. त्याला दुसऱ्याचे रक्त चढवल्यावर ते झपाट्याने उतरले. एन्झाइम त्याचे स्वतःचेच होते, स्टार्टर तेवढा उसना मिळाला!

मग अडवतो कोण?

अपोप्रोटीन सी-३. अर्धवट बंद व्हॉल्व्हसारखे. ते एन्झाइमचे काम मंदावते आणि उरलेसुरले गोळे यकृताने उचलून घेण्यातही अडथळा आणते. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाच्या आमिश समाजात सुमारे ५ टक्के लोकांमध्ये जन्मतःच सी-३ निम्मे असते, असे २००८ मध्ये समोर आले. त्यांना भरपूर चरबीचा मिल्कशेक दिला, तरी इतरांच्या तुलनेत त्यांचे ट्रायग्लिसराइड कमीच चढले.

औषध कंपन्यांनी हाच धागा पकडला. यकृतात सी-३ तयार होणेच कमी करणाऱ्या ओलेझार्सेन या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये, तर प्लोझासिरानला नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. मात्र ही मंजुरी एका दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी आहे. त्यात रक्त दुधाळ दिसते आणि स्वादुपिंडाला वारंवार सूज येते, जी जीवावर बेतू शकते. रिपोर्टमध्ये २०० आले म्हणून हे इंजेक्शन शोधत फिरण्यात अर्थ नाही.

सर्वसामान्यांचा संबंध काय?

येथे साखर मध्ये येते. इन्शुलिनचा प्रभाव नीट असेल तर यकृत सी-३ कमी बनवते. पोट सुटलेले, मधुमेह आटोक्यात नाही, इन्शुलिनला शरीर दाद देत नाही, अशा स्थितीत सी-३ वाढते आणि यकृत चरबीचे गोळेही जास्त सोडते. म्हणजे आवक वाढली आणि व्हॉल्व्हही आवळला. त्यामुळे तूप बंद करून दिवसाला सहा कप गोड चहा चालू ठेवणाऱ्याचा आकडा फारसा उतरत नाही. दारूनेही तो चढतो.

दुसऱ्या भावाने रक्त जेवणानंतर दिले असेल, तर आधी उपाशीपोटी पुन्हा तपासणी करावी. तेव्हाही आकडा तसाच आला, तर एचबीए१सी आणि थायरॉइड पाहून घेणे योग्य. ५०० च्या वर गेल्यास स्वादुपिंडाच्या धोक्यामुळे डॉक्टरांकडे जाण्यास उशीर नको. सी-२, सी-३ची तपासणी गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही. अपोप्रोटीन-बी मात्र मोठ्या लॅबमध्ये मोजून मिळते. धमनीत अडकू शकणारे गोळे रक्तात किती आहेत, याचा अंदाज त्यावरून येतो.