विजेची दुचाकी : विकत घेण्यापूर्वीं

शाळेंत विज्ञान शिकविणारा मनुष्य सर्व यंत्रांचा जाणकार असलाच पाहिजे, असा पालकवर्गाचा एक समज आहे. त्यामुळें गेल्या दोन-तीन वर्षांत पालकसभा संपली कीं कोणी ना कोणी मला दाराशीं गांठून विचारतो, "सर, विजेची गाडी घ्यावी म्हणतों, कोणती घेऊं?" या प्रश्नास मी आतां उलट प्रश्नच करतों : "आपण ती कोठें चालवून पाहिली?" बहुतेकांचें उत्तर "दुकानापुढें एक फेरी मारली" असें असतें. कांहींनीं तर तीही मारलेली नसते; मोबाईलवर चित्र पाहून पैसे भरलेले असतात. या उत्तरांविषयीं चार शब्द लिहावेत, म्हणून आमच्या वार्षिकांत ही जागा मागून घेतली आहे.

आमच्या लहानपणीं पालघर-बोईसरकडे तासाच्या भाड्यानें सायकल मिळत असे. दुकानदाराच्या वहींत नांव लिहावें, रुपया-दोन रुपये ठेवावे, आणि दांड्याखालून पाय घालून संध्याकाळभर धडपडावें. गुडघे फुटत, घरीं बोलणीं बसत. परंतु पुढें जेव्हां कोणी स्वतःची सायकल घेई, तेव्हां तो दहा निरनिराळ्या सायकलींवर बसून झालेला असे. कोणती जड, कोणती उंच, कोणत्या ब्रेकवर विश्वास ठेवावा, हें त्याच्या हातापायांसच ठाऊक झालेलें असे. तीं दुकानें गेलीं. त्यांच्याबरोबर घेण्यापूर्वीं वापरून पाहण्याची एक सोपी, स्वस्त रीतही गेली. आणि ती अशा काळांत गेली कीं जेव्हां सायकलीच्या कितीतरी पट किमतीचें, अगदीं नव्या जातीचें वाहन आमच्या दारीं येऊं लागलें आहे.

आधीं नांवाचाच घोटाळा पाहा. 'इलेक्ट्रिक बाईक' म्हणून जें विकलें जातें, त्यांत पायडल असलेली व मोटारीचा आधार दिलेली सायकल येते. पाव किलोवॅटहून कमी शक्तीची मोटार व ताशीं २५ किलोमीटरांहून कमी वेग असलेली, म्हणून नोंदणी व परवाना यांतून मोकळी असलेली हलकी स्कूटर येते. आणि हिरव्या पाटीची, रीतसर नोंदलेली, बजाजच्या चेतकसारखी खरी स्कूटरही येते. (जुनी चेतक मिळण्यासाठीं लोक वर्षानुवर्षें नंबर लावून बसत, तें आजोबांना विचारावें, विजेची चेतक २०२० सालीं पुण्यांत व बंगळुरांत प्रथम विक्रीस आली.) या तिघींचें काम वेगळें, किंमत वेगळी, आणि परीक्षाही वेगळी. तरी पुष्कळदां गिऱ्हाईक एकीवर बसून दुसरीविषयीं मत बनवितें.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर कामास जातात. दोन वर्षांपूर्वीं त्यांनीं पतपेढीचें कर्ज काढून अशी बिननोंदणीची हलकी स्कूटर घेतली. परवाना नको, पेट्रोल नको, ही गोष्ट त्यांस पटली, आणि त्यांत चूक कांहीं नव्हती. दुकानापुढील सपाट डांबरी रस्त्यावर गाडी पाण्यासारखी चालली. परंतु त्यांचा रोजचा रस्ता तो नव्हे. बोईसर-चिल्हार रस्त्यावर मागून टँकर येतात, आणि त्यांच्यापुढें ताशीं २५ किलोमीटरांनीं चालणारा मनुष्य रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यांत ढकलला जातो. मागें पत्नी बसली कीं चढावर गाडी धांपा टाकी. तीन महिन्यांत ते पुन्हां रिक्षानें जाऊं लागले. गाडी ओसरीवर उभी आहे, आणि हप्ता अजून जातो. त्या वर्षीं त्यांचा मुलगा शाळेच्या सहलीस आला नाहीं. पोट दुखत होतें, असें त्यानें सांगितलें होतें. खरें कारण मला पुढें कळलें.

हें आधीं कळलें असतें काय? वरच्या वर्गांतील मुलांनीं गणित करून पाहावें. गाडीचें वजन ६० किलो व दोन माणसांचें १२० किलो धरूं, एकूण १८०. रस्ता बारा फूट पुढें गेला असतां एक फूट चढतो, असें मानूं. अशा चढावर केवळ गुरुत्वाकर्षणाशीं झगडण्यास सुमारें १४७ न्यूटन बळ लागतें. मोटार २५० वॅटची असेल, तर वेग निघतो सेकंदास १.७ मीटर, म्हणजे ताशीं सहा किलोमीटर. आणि यांत चाकांचें घर्षण धरलेलेंच नाहीं. धडधाकट मनुष्य चालत निघाला तर याहून फार मागें राहणार नाहीं. कांहीं मोटारी क्षणभर अधिक जोर लावतात हें खरें. पण घाट क्षणभराचा नसतो. गणितावर ज्याचा विश्वास नसेल त्यानें पालघरहून मनोरकडे जातांना लागणाऱ्या वाघोबा खिंडींत जावें. दुचाकीची याहून चोख परीक्षा घेणारा परीक्षक आमच्या भागांत मला ठाऊक नाहीं. जव्हारकडे ज्यांचें जाणें-येणें आहे, त्यांचा तर प्रश्नच निराळा.

मी स्वतः गाडी घेण्यास निघालों तेव्हां हाच हट्ट धरला. पहिल्या दुकानांत मला इमारतीभोंवतीं एक प्रदक्षिणा घालूं दिली. "खिंडीपर्यंत नेऊं द्या," म्हणतांच तेथील तरुण हंसला व म्हणाला, "सर, सगळे एवढंच बघतात." दुसऱ्यानें आधीं आगाऊ रक्कम मागितली. तिसऱ्यानें मात्र, दुपारची रिकामी वेळ होती म्हणून असो, कीं त्याचा भाऊ आमच्या शाळेचा विद्यार्थी होता म्हणून असो, आपला माणूस मागें बसवून मला खिंड चढूं दिली. त्या अर्ध्या तासांत मला जें कळलें तें छापील पत्रकांत कोठेंच नव्हतें : चढावर वेग किती पडतो, उतारावर ब्रेक किती दाबावा लागतो, खड्ड्यांत पाठीस काय वाटतें, आणि आवाज नसल्यामुळें पुढचा पादचारी बाजूस होतच नाहीं, त्यास वेळेवर भोंगा द्यावा लागतो. मी गाडी त्याच्याचकडून घेतली, हें सांगणें नकोच.

विक्रेत्यांची बाजू अगदींच पोकळ आहे असें मी म्हणत नाहीं. परक्याच्या हातीं नवी गाडी द्यावयाची. ती पडली तर नुकसान कोणाचें? परंतु विक्रेत्यास मिळणारें ट्रेड सर्टिफिकेट ज्या कामांसाठीं वापरतां येतें, त्यांत घेऊं इच्छिणाऱ्या गिऱ्हाइकास गाडीची वाजवी चाचणी देणें हें काम केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट घातलेलें आहे. चाचणीची गाडी ठेवणें, तिचा विमा उतरविणें, हा धंद्याचाच खर्च होय. मोठ्या कारखानदारांचीही गोष्ट फारशी वेगळी नव्हती. २०२१ च्या सप्टेंबरांत ओला कंपनीनें आपली स्कूटर मोबाईलवरून विकावयास काढली, आणि दोन दिवसांत ११०० कोटी रुपयांच्या गाड्या विकल्याचें जाहीर केलें. गिऱ्हाइकांस गाडी चालवून पाहण्याची सोय मात्र नोव्हेंबरांत झाली. एवढे लोक न बसतां पैसे देतात असें दिसल्यावर गांवच्या दुकानदारानें खिंडीपर्यंत गाडी कां द्यावी? दोष सगळा त्याचा नव्हे. आम्ही मागत नाहीं, हा आमचा.

मग चालवून पाहावी कोठें? पालघर, बोईसर व वसई-विरार येथील विक्रेत्यांकडे तर जावेंच. पण एकाच्याच दारीं थांबूं नये, आणि शक्य तर आठवड्याच्या मधल्या दिवशीं, गर्दी नसतांना जावें. फोन केल्यास कांहीं विक्रेते गाडी घरीं आणून दाखवितात. तसें झाल्यास उत्तम, कारण मग रस्ता आपला असतो. ज्यांस विजेच्या गाडीवर बसण्याचीच संवय नाहीं, त्यांनीं मुंबईस मिनिटांच्या भाड्यानें मिळणारी युलूची गाडी एकदां फिरवून पाहावी. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, तेव्हां हें कांहीं परदेशगमन नव्हे. ती गाडी मंद आहे. तिच्यावरून चेतकची परीक्षा होणार नाहीं, पण मूठ पिळतांच विजेची मोटार कशी उचल खाते तें कळेल. हीच सोय पालघर व बोईसर स्थानकांबाहेर कोणी जुन्या सायकलवाल्यांप्रमाणें सुरू केली, तर तो मनुष्य उपाशी मरणार नाहीं, असें माझें मत आहे.

परंतु सर्वांत चांगलें ठिकाण म्हणजे शेजाऱ्याचें अंगण. दोन पावसाळे काढलेली त्याची गाडी दुकानांतील नव्या गाडीहून पुष्कळ अधिक सांगते. कंपनीनें छापलेलें अंतर ठराविक चालीच्या चाचणीवरून काढलेलें असतें. शेजाऱ्यास विचारा, पूर्ण भरलेली बॅटरी सातपाटीहून बोईसरला नेऊन परत आणते काय, आणि पाव हिस्सा उरल्यावर गाडी कशी ओढते. खाऱ्या वाऱ्यानें जोडांस गंज चढला काय? बिघाड झाला तेव्हां सुटा भाग येण्यास किती दिवस लागले? त्याची हरकत नसेल तर सुटी होणारी बॅटरी जिन्यानें वर नेऊन पाहा. दुकानांत ती सुटी होते एवढेंच सांगतात. ती किती जड आहे हें तिसऱ्या मजल्यावर कळतें. शिवाय पावसाळ्यांत आमच्या आळींत रात्र रात्र वीज नसते. तारापूरचें अणुविद्युत केंद्र १९६९ पासून शेजारीं उभें असून ही अवस्था, हा विषय वेगळ्या लेखाचा आहे. पण पहांटेच्या पाळीस जाणाऱ्यानें त्याचा विचार आधींच केलेला बरा.

एक गोष्ट लिहितांना हात अडखळतो. २०२२ च्या सप्टेंबरांत आपल्याच जिल्ह्यांत, वसईस, घरांत चार्जिंगला लावून ठेवलेली स्कूटरची बॅटरी रात्रीं फुटली, आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा कांहीं दिवसांनीं मरण पावला. त्याच वर्षाच्या डिसेंबरापासून सरकारनें बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम अधिक कडक केले. म्हणून स्वस्तांत मिळालेली जुनी बॅटरी, किंवा जिची जोडणी कोणी केली तें विक्रेत्यास सांगतां येत नाहीं अशी गाडी, चालवून कितीही गोड वाटली तरी घेऊं नये. आणि गाडी घेण्यापूर्वीं, ती घरांत कोठें लावणार व त्या खोलींत रात्रीं कोण निजतें, हेंही एकदां उभें राहून पाहावें.

'चालवून पाहा' याचा अर्थ 'आपण चालवून पाहा' असा नववी-दहावीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं लावल्याचें माझ्या कानीं आलें आहे. नोंदणीची गाडी अल्पवयीन मुलानें चालविल्यास २०१९ च्या सुधारलेल्या कायद्यानें पालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. हलक्या गाडीचा वेग चोरून वाढवून घेतला, तर तीही नियमांतील सूट गमावते. अशा फेरफारांविरुद्ध राज्याच्या परिवहन खात्यानें २०२२ सालीं मोहीम काढली होती. मुलांनीं गणित करावें, प्रश्न विचारावेत, मागें बसून खड्डे मोजावेत; मूठ वडिलांच्या वा आईच्या हातीं असूं द्यावी. आईनें तर अवश्य बसून पाहावें. साडी नेसून बसतां येतें काय, पाय जमिनीस टेकतात काय, पिशव्या कोठें ठेवाव्या, हें दुकानांतील तरुणास सुचत नाहीं, आणि घरच्या निम्म्या फेऱ्या तिच्याच असतात.

आमच्या शिक्षकवर्गांत तिघांकडे व पालकांपैकीं निदान दहा-बारा जणांकडे आतां विजेच्या गाड्या आहेत. त्या सर्वांनीं महिन्याच्या शेवटच्या शनिवारीं, शाळा सुटल्यावर, आपापली गाडी फाटकाबाहेरील वडाखालीं आणावी. ज्यांना घ्यावयाची आहे त्यांनीं पाहावी, विचारावें, मालक देईल तर चालवावी. मुख्याध्यापकांनीं यास अनुमति दिली आहे. विक्रेत्यांस आमंत्रण नाहीं. खऱ्या खोट्या तक्रारी मोकळेपणीं बोलतां याव्या म्हणून. माझी गाडी मी आणीनच. ज्यांना खिंडीपर्यंत जावयाचें असेल त्यांनीं परवाना व हेल्मेट बरोबर आणावें. मी मागें बसेन.