तुझं काय आलं?

बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर दुपारी २ वाजून १० मिनिटांनी संपतो. पाच मिनिटांत परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर घोळके जमलेले असतात. ‘ऑस्मॉटिक प्रेशरचं तुझं काय आलं?’ ‘२.४६.’ ‘माझं २.४९ आलंय!’ तिसऱ्याचं उत्तर २४९ असतं, आणि ते सांगताना त्याचा आवाज खाली जातो. पेपर जितका अवघड, तितका घोळका मोठा. बाजूला स्कूटरवर बसलेले बाबा हाक मारतात, ‘झाला ना पेपर? आता चर्चा नको, पुढच्या विषयाचं बघ.’

बाबांची काळजी खरी आहे. मधे एखादाच मोकळा दिवस असतो आणि खचलेल्या मनाने अभ्यास होत नाही. तरीही ही हाक जरा उशिरा यावी. दोन वर्षं ही मुलं क्लास, कॉलेज आणि टेस्ट सिरीज यांच्या मधे केमिस्ट्री करतात ती मार्कांसाठी. फाटकाबाहेर मार्क द्यायला कुणीच नसतं, तरी ती एकमेकांना ‘पण का?’ असं विचारत असतात. वर्गात हा प्रश्न इतक्या जोराने क्वचितच विचारला जातो.

आता ती तीन उत्तरं पाहा. समजा प्रश्न असा होता: ३०० केल्विन तापमानाला ०.१ मोलर ग्लुकोजच्या द्रावणाचं ऑस्मॉटिक प्रेशर काढा. सूत्र एकच, मोलॅरिटी गुणिले आर गुणिले तापमान. पहिल्याने आरची किंमत ०.०८२१ धरली, त्याला २.४६ ॲटमॉस्फिअर मिळालं. दुसरीने ०.०८३१४ धरली, तिला २.४९ बार मिळालं. तिसऱ्याने ८.३१४ घेतली आणि त्याचं उत्तर २४९ किलोपास्कल आलं. दाब तिन्हींत तोच आहे! एक ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१.३२५ किलोपास्कल आणि एक बार म्हणजे १०० किलोपास्कल, एवढाच काय तो फरक. ज्याचा चेहरा पडला होता त्याचं काहीही चुकलेलं नव्हतं, फक्त आकड्यापुढे एकक लिहिलेलं असायला हवं. ‘युनिट लिहा, युनिट लिहा’ म्हणून शिक्षक दोन वर्षं कानीकपाळी ओरडत असतात. ते का, हे या घोळक्यात उभं राहिल्यावर कळतं.

पीएचवरून होणारी भांडणं याहून रंगतात. डेन्मार्कच्या सोरेनसनने १९०९ साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करताना, ही मोजपट्टी मांडली. हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहाच्या उणे तिसऱ्या घाताइतकं असेल तर पीएच ३, उणे पाचव्या घाताइतकं असेल तर ५. मग हायड्रोक्लोरिक ॲसिड इतकं पातळ केलं की त्याचं प्रमाण दहाच्या उणे आठव्या घाताइतकं उरलं, तर पीएच किती? घाईत लिहिणारा ८ लिहून मोकळा होतो. घोळक्यातून कुणीतरी विचारतं, ‘अरे, पण ८ म्हणजे बेसिक. ॲसिडमधे पाणी ओतत राहिलं तर ते बेस कसं होईल?’ क्षणभर सगळे गप्प. पाण्याला स्वतःचे हायड्रोजन आयन असतात आणि इतक्या पातळ द्रावणात तेच ॲसिडच्या आयनांपेक्षा जास्त भरतात, हे तेव्हा लक्षात येतं. दोन्हींची नुसती बेरीज करणाऱ्याला ६.९६ मिळतं. ॲसिडमुळे पाण्याचं आयनीभवन थोडं दबतं, हेही धरणाऱ्याला सुमारे ६.९८ मिळतं. उत्तर सातच्या किंचित खालीच राहणार, हे ज्याने त्या दिवशी रस्त्यावर भांडून मिळवलं तो ते विसरणार नाही.

ऑरगॅनिकमधेही हेच होतं. एकाने बेन्झाल्डिहाइडवर कॅनिझारो लिहिलेली असते, दुसरीने त्याच बेन्झाल्डिहाइडपासून दालचिनीच्या वासाचं सिनॅमाल्डिहाइड केलेलं असतं. प्रश्न पुन्हा वाचला की कळतं, अल्कली डायल्यूट होती आणि सोबत ॲसिटाल्डिहाइडही दिलेलं होतं. एक शब्द सुटला आणि रिॲक्शनच बदलली.

या चर्चेत एक गोष्ट मात्र वाईट आहे, आणि ती म्हणजे मार्कांची बेरीज. लेखी पेपर ७० गुणांचा. दोन गुणांचे बारापैकी आठ प्रश्न, तीन गुणांचेही बारापैकी आठ, चार गुणांचे पाचपैकी तीन. शेजारच्याने कदाचित वेगळेच प्रश्न सोडवलेले असतात. कॅल्क्युलेटरला बंदी, सगळी मदार लॉग टेबलवर. अँटीलॉग बघताना एक ओळ खाली घसरली तर उत्तर चुकतं, पण सूत्राचे आणि किमती घालून केलेल्या पायऱ्यांचे गुण मिळू शकतात. उलट बहुपर्यायी प्रश्नात नुसतं अक्षर लिहिलं आणि त्यापुढचं उत्तर लिहिलं नाही, तर बरोबर पर्याय ओळखूनही गुण जातो. हे सगळं फाटकाशी उभं राहून मोजता येत नाही. ‘माझे वीस गेले’ म्हणून रडणाऱ्या मुलीचे खरोखर किती गेले, ते तिलाही ठाऊक नसतं आणि तिला तो आकडा सांगणाऱ्यालाही नसतं.

आणि चर्चा करणारी मुलं म्हणजे वेळ घालवणारी मुलं, असं मानणाऱ्यांनी २०२४ ची नीट आठवावी. फिजिक्समधला अणूविषयीचा एक प्रश्न. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे एक उत्तर, नव्याप्रमाणे दुसरं, आणि परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन्ही उत्तरांना गुण दिले. मुलांनी हे सोडलं नाही. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं आणि त्यांनी जुलैमधे सांगितलं की बरोबर उत्तर एकच आहे, चौथा पर्याय. चार लाखांहून जास्त मुलांचे गुण त्यामुळे बदलले. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ६१ जण होते, सुधारित निकालात १७ उरले. ‘तुझं काय आलं?’ या प्रश्नाचं वजन एवढं असू शकतं.

ज्युनियर कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या शिक्षकांना म्हणूनच एक विनंती. पेपर तपासण्याचं ओझं तुमच्यावर असतं, ते ठाऊक आहे. तरीही शेवटचा पेपर झाल्यावर एक दिवस मुलांना वर्गात बोलवा आणि तीच प्रश्नपत्रिका फळ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवा. गुण मोजू नका, भांडणं मात्र होऊ द्या. एमएचटी-सीईटी त्यानंतरच असते, आणि तिथे केमिस्ट्रीच्या ५० प्रश्नांपैकी सुमारे ८० टक्के याच बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात.