नुसती गंमत करणाऱ्याचा पहिला नंबर

काय दोस्तांनो, खरं सांगा. तुमच्या वर्गात एक तरी असा वल्ली असेलच, जो गाजलेल्या गाण्याच्या चालीवर भलतेच शब्द बसवतो. मधल्या सुट्टीत डबे उघडतात आणि याचं गाणं सुरू होतं. सगळे खो-खो हसतात. पण स्नेहसंमेलनात गाणाऱ्यांची नावं निघाली, की याचं नाव कुणाला आठवत नाही. ‘तो होय? तो काय, नुसती गंमत करतो!’

आज अशाच एका वल्लीची गोष्ट. अमेरिकेतला आल्फ्रेड यांकोविक. जग त्याला ‘विअर्ड अल’ म्हणजे विक्षिप्त अल म्हणून ओळखतं. जन्म १९५९चा, कॅलिफोर्नियातला. तो सात वर्षांचा होत होता, तेव्हा संगीताच्या शिकवणीची जाहिरात करत एक विक्रेता दारात आला. गिटार शिकणार की अ‍ॅकॉर्डियन? आईबाबांनी निवडलं अ‍ॅकॉर्डियन. ही गळ्यात अडकवायची, भात्यावर वाजणारी पेटी. रॉकच्या जमान्यात ती वाजवणाऱ्याला कोण भाव देणार? पण पठ्ठ्यानं ती सोडली नाही.

पुढे तो वास्तुशास्त्र शिकायला कॉलेजात गेला. १९७९ मध्ये तिथल्या रेडिओ केंद्रासमोरच्या बाथरूममध्ये त्यानं एक विडंबनगीत ध्वनिमुद्रित केलं. बाथरूम का? अहो, तिथे आवाज मस्त घुमायचा! १९८० मध्ये रेडिओवर दुसरं गाणं म्हणताना ड्रम नव्हते, तर जॉन श्वार्ट्झ नावाच्या मुलानं अ‍ॅकॉर्डियनच्या खोक्यावरच थापा मारल्या. १९८४ मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘बीट इट’चं त्यानं ‘ईट इट’ केलं. मूळ गाण्यात मारामारी, तर याच्या गाण्यात जेवताना नखरे करणाऱ्या पोराला ‘खा रे बाबा’ म्हणून केलेली दटावणी!

इथे एक गोष्ट नीट ऐका. विडंबन करण्यापूर्वी अल मूळ गायकाची परवानगी मागतो. अमेरिकेच्या कायद्यात विडंबनाला बरीच मोकळीक आहे, तरीही मागतो. जॅक्सननं ती दिली. ‘निर्वाणा’चा कर्ट कोबेन यानंही दिली, आणि ते विडंबन कशावर होतं माहीत आहे? कोबेन काय गातो ते कुणालाच कळत नाही, यावर! प्रिन्स या गायकानं मात्र नेहमी नकार दिला. मग अलनं त्याची गाणी तशीच सोडून दिली. रुसवा नाही, फुगवा नाही.

लोक हसत होते, मधूनमधून बक्षिसंही मिळत होती. पण मोठ्या गायकांच्या पंगतीत त्याचं पान सहसा मांडलं जात नव्हतं.

मग उजाडला जुलै २०१४. त्याचा चौदावा आल्बम आला, ‘मॅन्डेटरी फन’. म्हणजे सक्तीची मजा! व्हिडिओंसाठी रेकॉर्ड कंपनीनं पैसे दिले नाहीत. अलनं काय केलं? वेगवेगळ्या वेबसाइटांना हाताशी धरलं आणि आठ दिवसांत आठ व्हिडिओ आणले, रोज एक. एक गाणं तर चक्क व्याकरणाच्या चुकांवर. आपल्या मराठीच्या बाई ऐकतील तर खूश होतील!

आणि काय सांगू! ‘बिलबोर्ड’ मासिकाच्या आल्बमच्या यादीत तो थेट पहिल्या नंबरावर. पहिल्याच आठवड्यात सुमारे १,०४,००० प्रती खपल्या. विनोदी आल्बम पहिला येण्याची ही १९६३ नंतरची पहिलीच वेळ. त्या वेळी मान मिळवला होता अ‍ॅलन शेरमन यानं. मधे तब्बल ५१ वर्षं गेली. अल तेव्हा ५४ वर्षांचा होता. आणि ड्रमवर कोण होता? तोच, खोक्यावर थापा मारणारा जॉन श्वार्ट्झ!

चाहत्यांना आनंदाचं भरतं का आलं, ते आता कळेल. त्या वेळी ही यादी विक्रीवर ठरत असे. ऑनलाइन ऐकलेली गाणी त्यात धरायला सुरुवात झाली ती डिसेंबर २०१४ पासून. म्हणजे तो नंबर कुणा परीक्षकानं दिला नव्हता, तर पैसे मोजून आल्बम घेणाऱ्यांनी दिला होता. १९८४ मध्ये ‘ईट इट’वर हसलेली शाळकरी पोरं आता चाळिशीला आली होती. ‘हे काय ऐकतोस?’ म्हणून त्यांना ज्यांनी चिडवलं, त्यांना परस्पर उत्तर मिळालं. आपला माणूस पहिला आला, आणि तोही गंमत करणं न सोडता!

विडंबन म्हणजे टवाळी नव्हे, बरं का. आपल्याकडे आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’ लिहिली, तीही विडंबनंच. मूळ कविता पक्की ठाऊक असल्याशिवाय ते जमत नाही. तुम्हीही करून बघा. आधी मूळ गाणं तोंडपाठ करा, मात्रा मोजा, मगच शब्द बदला. आणि गाणं एखाद्या मित्रावर असेल, तर आधी त्याला विचारा. तो नाही म्हणाला, तर वही मिटा. तो हसला, तर समजा जमलं!

आणि हो, यंदा संमेलनाची नावं काढताना त्या मधल्या सुट्टीतल्या वल्लीला विसरू नका. भेटू पुढच्या अंकात!