गुपिताचा लिलाव

पापनिवेदनाच्या वेळी कानी पडलेला शब्द धर्मगुरूने प्राण गेला तरी बाहेर काढावयाचा नसतो. चर्चच्या कायदेसंहितेचे ९८३ वे कलम ते गुपित अभंग मानते. आज मात्र घरोघरी आणखी एक कान येऊन बसला आहे. आजार, कर्ज, मूल होण्याची आस, जे सख्ख्या भावालाही सांगवत नाही, ते आपण मोबाइलवर निःशंकपणे शोधतो. त्या कानाला मौनाचे व्रत नाही. काय शोधले, कोठे गेलो, कोणत्या चित्रापाशी रेंगाळलो, याच्या नोंदींवरून आपली कुंडली मांडली जाते आणि पान उघडते न उघडते तोच आपल्या नजरेसमोरची जागा जाहिरातदारांत लिलावाने विकली जाते.

अमेरिकेतील एका पत्रकार मातेचे मूल २०१८ साली पोटातच दगावले. तरीही बाळाच्या वस्तूंच्या जाहिराती तिचा पाठलाग करीत राहिल्या. ‘ही जाहिरात नको’ असे तिने कळविले, तेव्हा बाळ सुखरूप जन्मले असा यंत्राने अर्थ लावला आणि बाळंतिणीच्या वस्तू तिच्यापुढे मांडल्या. डिसेंबरात तिने त्या कंपन्यांना जाहीर पत्र लिहिले. गरोदरपण ओळखण्याइतके तुम्ही हुशार, मग मूल गेल्याचेही ओळखा, असा तिचा टाहो होता. आम्हांस त्याहून भय वाटते ते निराळेच. यंत्राने ते दुःख ओळखले असते, तर त्या दुःखाचाही भाव ठरला असता!

‘आमच्यापाशी लपविण्याजोगे आहेच काय? सेवा तर फुकट मिळते!’ असे आमचे बांधव म्हणतात. प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात देवासाठी राखलेली एक खोली असते. तिची किल्ली फुकटच्या करमणुकीपायी देणे हा व्यवहारही शहाणपणाचा नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांना हेरून केलेल्या जाहिरातींना मनाई करणारे कलम आहे. मोठ्यांची भिस्त मात्र मुख्यतः ‘संमती’वर, आणि ती आपण न वाचताच देतो. सावकाराच्या वहीवर अंगठा उठविणाऱ्या आपल्या आजोबांना वाचता येत नव्हते. आपल्याला येते.

म्हणून आज रात्री रोझरी आटोपल्यावर आईबापांनी मुलांसह बसावे. आपला ठावठिकाणा, संपर्क व मायक्रोफोन कोणकोणत्या अॅपच्या हवाली केले आहेत ते पाहावे आणि नको ती परवानगी तत्काळ काढून घ्यावी. एवढा अंगठा तरी आपण वाचून उठवू या.