टॉर्च घ्यायची, पण किती उजेडाची?



पावसाळ्यात लाइन जाऊ लागली की घरोघरी जुनी टॉर्च बदलायचा विषय निघतो. दुकानदार सांगतो, 'हिचा उजेड अर्धा किलोमीटर जातो.' मला वाटते, आपल्याला एवढा लांबचा उजेड नकोच. मुनींच्या ईर्यासमितीत चार हात पुढची जमीन पाहून चालायचे असते. म्हणजे साधारण सहा फूट. आपणही तेवढेच नीट पाहू. कारंज्यात पहाटे मंदिराकडे निघताना पायाखालचे गांडूळ, मुंग्यांची रांग दिसली पाहिजे. त्याला 100 ते 150 ल्युमेनचा, पसरट पडणारा उजेड पुरतो. अरुंद झोतात कडेचे काही दिसत नाही.

रंगही पाहा. 6500 केल्विनच्या निळसर-पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त येतात, 3000 केल्विनच्या पिवळसर उजेडाकडे कमी. जीव वाचवायला घेतलेल्या टॉर्चनेच जीव ओढून आणायचे, याला काय अर्थ? 'एवढा उजेड आहे, मग रात्री जेवायला काय हरकत?' असे मुले विचारतात, त्यांनाही हेच दाखवा. उजेडामुळेच तर किडे ताटाशी येतात.

उजेड कमी-जास्त करता यावा, चार्जिंग व्हावे, पावसाचे शिंतोडे सोसावेत, एवढे बघा. आणि जुनी नीट चालत असेल तर नवी घेऊच नका. अपरिग्रह अशा छोट्या खरेदीतच पाळला जातो.