भुंग्याच्या नावानं श्रद्धा विकू नका

एप्रिलात जयंतीला गावी गेलो होतो. मेहकरला. गोदीत चार खाडे टाकले, चार दिवसांची मजुरी बुडवली आणि गेलो. आपल्याच वस्तीत, आपल्याच पोरांनी वर्गणी काढून एक वक्ता आणला होता. कोट, टाय, हातात माईक. व्यक्तिमत्त्व विकास की काय म्हणतात, त्या धंद्यातला. मागं बाबासाहेबांचा फोटो, वर निळे झेंडे, आणि हा गडी सांगतो :

"विज्ञानाच्या नियमानं भुंगा उडूच शकत नाही. अंग जड, पंख बारके. पण भुंग्याला विज्ञान ठाऊक नाही. त्याची श्रद्धा आहे, म्हणून तो उडतो. श्रद्धेपुढं विज्ञान हरतं !"

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. वक्त्याचा मला राग नाही, त्याचं पोट आहे त्याच्यावर. पण टाळ्या आपल्या पोरांच्या होत्या. दोस्तांनो, म्हणून हे लिहितोय.

मी काही शास्त्रज्ञ नाही. दहावी पास, पाठीवर पोती वाहणारा, रात्रपाळी सुटल्यावर कविता लिहिणारा माणूस. पण भुंगा मला ठाऊक आहे. आमच्या घराच्या आढ्यात भोकं पाडून राहायचा काळा भुंगा. खाली लाकडाचा भुसा पडायचा आणि माय म्हणायची, "घर पोखरून राह्यला मेला." त्या भुंग्याजवळ श्रद्धा-बिद्धा काही नव्हती. त्याच्याजवळ पंख होते.

आता ही भानगड आली कुठून ते ऐका. 1934 साली फ्रान्समध्ये आंत्वान मान्याँ नावाच्या माणसानं किड्यांच्या उडण्यावर पुस्तक लिहिलं. हवेच्या रोधाचे तेव्हाचे नियम किड्यांना लावले, एका गणित्याला सोबत घेऊन हिशेब मांडला, आणि उत्तर आलं की किड्याचं उडणं अशक्य. चुकलं काय ? हिशेब होता विमानाच्या पंखासारखा. ताठ, एका जागी ठोकलेला पंख आणि त्यावरून सरळ वाहणारी हवा. भुंगा काय विमान आहे ? तो पंख पुढंमागं फिरवतो, प्रत्येक फेरीच्या टोकाला उलथा करतो. मधमाशी तर सेकंदाला सुमारे 230 वेळा पंख हलवते. माप विमानाचं आणि अंग भुंग्याचं, मग सदरा बसणार कसा ?

पण पुढं काय झालं ते वक्ता सांगत नाही. विज्ञानानं हात जोडून 'देवाची लीला' म्हटलं नाही. 1973 साली वाइस-फो यानं एका बारक्या गांधीलमाशीत दाखवलं की ती दोन्ही पंख पाठीवर चिकटवते आणि झटक्यात उघडते, त्यातून वर उचलणारा जोर मिळतो. 1996 साली केंब्रिजमध्ये एलिंग्टन आणि त्याच्या सोबत्यांनी पतंगाभोवती धूर सोडला, मोठा यांत्रिक पंख बनवून हलवला, आणि पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा भोवरा डोळ्यांनी पाहिला. या भोवऱ्यामुळं पंखावरचा दाब घटतो, पंख वर ओढला जातो. 1999 साली अमेरिकेत डिकिन्सन, लेहमान आणि आपल्याकडचे संजय साने यांनी तेलाच्या टाकीत माशीचा यांत्रिक पंख फिरवून तो जोर मोजला. हेच साने पुढं बंगलोरच्या संस्थेत किड्यांच्या उडण्यावर काम करू लागले.

गोदीत वाऱ्याला ताडपत्री धरून बघा. वारा वरून सुसाटतो आणि ताडपत्री फुगून वर उठते. चार जणांना आवरत नाही. तिथं कुणी ताडपत्रीला श्रद्धा विचारत नाही. वरचा दाब कमी होतो म्हणून ती उठते.

म्हणजे हरलं कोण ? एक हिशेब हरला. तो हरला हे दुसऱ्या माणसांनी मोजून दाखवलं. आणि हिशेब चुकला होता तेव्हाही भुंगा आपल्या पंखांनीच उडत होता. विज्ञानाला आपली चूक कागदावर लिहिता येते. श्रद्धेनं आपली चूक कधी लिहून ठेवलेली मी पाहिली नाही. ती चूक दुसऱ्याच्या नावावर मांडते. कुणाच्या, ते सांगतो.

मी अकरा वर्षांचा, बहीण सहाची. पावसाळा. आम्ही सगळे भुईवर झोपलेले. पहाटे तिचं पोट दुखायला लागलं. पापण्या जड झाल्या, बोलता येईना. अंथरुणाखाली मण्यार निघाली. मण्यारीचा दात बारीक, झोपेत चावली तर कळतही नाही. गाडी करायला बापाजवळ पैसे नव्हते. मांत्रिक जवळ होता. तोही फुकट नव्हता : नारळ, कोंबडं, एकवीस रुपये. लिंबाचा पाला फिरवला, मंत्र पुटपुटला. "इस्वास ठेवा," म्हणाला. आम्ही ठेवला. माय रात्रभर उपाशी बसली. उजाडल्यावर पोरीचा श्वास थांबला.

मग तो काय म्हणाला असेल ? "तुमचाच इस्वास कमी पडला."

माझी माय अजून स्वतःला दोष देते. "म्या मनात शंका आणली रे." त्या बाईच्या छातीवर त्यानं लेकीचं मरण ठेवलं आणि कोंबडं घेऊन गेला. आता मी परळवरून जातो तेव्हा हाफकिन दिसतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारही सापांच्या विषावर एकच लस असते, घोड्याच्या रक्तापासून केलेली. वेळेत ती लस आणि श्वासाला आधार मिळाला तर माणूस वाचू शकतो. त्या लशीला तुमचा विश्वास लागत नाही. नास्तिकालाही ती लागू पडते, महारालाही, बामणालाही.

आमच्या मेहकरजवळच लोणार आहे. पोथी सांगते, विष्णूनं लवणासुर मारला, त्याचा खड्डा झाला. सुरुवातीला भूशास्त्रवाल्यांनाही तो ज्वालामुखी वाटला. 1973 साली खडकांतल्या खुणा दाखवून सिद्ध झालं की वरून उल्का आदळली. वय आधी पन्नास हजार वर्षं धरलं जायचं, 2011 साली मोजणी आली पाच लाख सत्तर हजारांची. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तर पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं, खारात वाढणारे सूक्ष्मजीव आहेत. वय बदललं, मत बदललं, लाज वाटली नाही. पोथीतला असुर मात्र तसाच मरून पडलाय, आणि असुर म्हटलं की बोट कुणाकडं वळतं ते आपल्याला ठाऊक आहे.

पुरावा मागणं ही आपल्यासाठी चैन नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. पाणी कुणी तपासलं होतं ? विटाळ कोणत्या मापानं मोजला ? शेणानं पाणी शुद्ध होतं हे कोणत्या नळीत घालून पाहिलं ? पुरावा शून्य, श्रद्धा शंभर टक्के. त्या श्रद्धेवर आपल्या आज्यापणज्यांच्या तहाना काढल्या. आणि आज तुम्ही म्हणता, श्रद्धेपुढं विज्ञान हरतं ? वाजवा टाळ्या !

बुद्धानं कालामांना सांगितलं, परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. 1976 पासून वैज्ञानिक दृष्टी हे घटनेत नागरिकाचं कर्तव्य आहे. हेच गावोगाव सांगणाऱ्या दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात गोळ्या घातल्या. श्रद्धा इतकी मजबूत आहे तर तिला पिस्तूल कशाला लागलं ?

काही दोस्त म्हणतील, लेका, पोरांना हिंमत देत होता तो, एवढं काय मनावर घेतोस ? हिंमत द्या ना. पण खोटं सांगून दिलेली हिंमत पहिल्या आपटीला मोडते. पोरगं नापास झालं की हाच वक्ता म्हणेल, तुझाच विश्वास कमी पडला. मांत्रिकानं कोट घातला एवढाच फरक.

पुढच्या जयंतीला वर्गणी काढाल तेव्हा एवढं करा. वक्ता आणायच्या आधी तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात जा. सापाची लस आहे का विचारा. किती बाटल्या, कोणत्या तारखेपर्यंत चालतील, रात्री टोचायला माणूस असतो का, लिहून घ्या. नसेल तर तिथंच बसा, मिळेपर्यंत उठू नका. त्या कागदाची एक प्रत मला गोदीवर पाठवा. मी ती मायला वाचून दाखवीन.