पाठीवरचे पाणी



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मृगाच्या पहिल्या सरी येऊन गेलेल्या असतील. टेकडीवरच्या रोपांना आता कोणी पाणी घालण्याची गरज उरणार नाही. गोष्ट आनंदाचीच, परंतु गेल्या वर्षी याच आनंदाच्या भरात माझी एक चांगली सवय मोडली आणि तिची किंमत दसऱ्याच्या सुमारास मोजावी लागली. म्हणून यंदा पाऊस स्थिरावण्यापूर्वीच हा विषय घेत आहे.

पुण्यातील टेकड्यांवर फिरायला जाणारी कित्येक माणसे पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या घेऊन चढतात, वर लावलेल्या रोपांना ते पाणी घालतात आणि मोकळ्या पाठीने उतरतात. सहकारनगरातून तळजाईच्या टेकडीवर मीही काही वर्षे हेच करीत आले आहे. पाठीवर वजन घेऊन चालण्याच्या या प्रकाराला परदेशात ‘रकिंग’ म्हणतात आणि तो सैनिकांच्या कवायतीतून सामान्य नागरिकांच्या व्यायामात आला, हे मला बरेच नंतर कळले. आपल्या आया-आज्यांनी पाण्याचे हंडे आणि जळणाच्या मोळ्या जन्मभर वाहिल्या; त्याला कोणी व्यायाम म्हटले नाही. त्या कष्टांचे गोडवे मला गायचे नाहीत. त्यांच्या माना आणि गुडघे म्हातारपणी काय सांगत असत, ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ते ओझे त्यांनी निवडलेले नव्हते. आपले वजन आपण ठरवतो, आणि नको वाटले की उतरवून ठेवतो, हा फरक लहान नाही.

माझ्या यजमानांना पक्षाघात होऊन आता चार वर्षे झाली. उजवी बाजू अधू आहे. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीघरात नेताना दिवसातून आठ-दहा वेळा त्यांना आधार द्यावा लागतो. हे काम मला जमत होते, पण ते कशाच्या बळावर जमत होते याचा मी विचारच केला नव्हता. गेल्या वर्षी आषाढात रोपांना पाणी लागेना, तशी माझी पिशवी खुंटीला लागली. मग श्रावणातली झड, मग गणपतीतले पाहुणे. आश्विनात एका सकाळी त्यांना उठवताना माझ्या कमरेत उसण भरली आणि आम्ही दोघेही पलंगाच्या कडेवर धपकन बसलो. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग ते म्हणाले, “आता तुझ्यासाठीही एक माणूस ठेवावं लागणार बहुतेक.” ते हसत होते, पण त्या दिवशी मी घाबरले होते.

उसण केवळ पिशवी सोडल्यामुळे भरली, असा दावा मी करणार नाही. वाकण्याची माझी पद्धतही चुकली होती. गुडघे न वाकवता मी कमरेतून ओढले होते. तरीही तीन महिन्यांत अंगातले बळ उतरले होते, हे खुर्चीतून उठताना हातांचा टेकू घ्यावा लागू लागला तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवे होते. उतारवयात स्नायू वापरात नसले तर लवकर झिजतात आणि भरून येण्यास फार वेळ घेतात. हाडे बळकट करण्यासाठी पाठीवर वजन घ्या, असे मात्र मी आपणास सांगणार नाही. त्याविषयीच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. पाय, कंबर आणि पाठ कामात राहतात, एवढा लाभ मला पुरेसा वाटतो.

पाण्याइतके सोयीचे वजन दुसरे नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. वजनकाटा लागत नाही. दमल्यासारखे वाटले तर वाटेतल्या कोणत्याही झाडाच्या मुळाशी बाटली रिती करावी. शिवाय गुडघ्यांवर खरा ताण चढताना नव्हे, उतरताना येतो, आणि तेव्हा आपली पिशवी रिकामी झालेली असते.

केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणात मुलांच्या दप्तराचे वजन त्यांच्या शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. आजी-आजोबांनी त्याच्या निम्म्यावर थांबावे, असे माझे मत. माझे वजन ५८ किलो आहे. माझी मर्यादा तीन लिटरची. तेथवरही एकदम जाऊ नये. पहिला आठवडा रिकामी पिशवी, मग एक बाटली, आणि दोन-तीन आठवडे काही दुखले-खुपले नाही तरच दुसरी. चालताना पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. पिशवी दोन्ही खांद्यांवरची हवी, एका खांद्यावरची शबनम नको. बंद आवळून ती पाठीला चिकटलेली आणि कमरेच्या वर असावी; बाटल्या टॉवेलात गुंडाळल्या म्हणजे हिंदकळत नाहीत.

सवय मोडते ती आळसापेक्षा वाट बंद झाल्यामुळे. एकच वाट आणि एकच वेळ धरून बसणारा माणूस पहिल्या पावसाबरोबर घरी बसतो. माझे तसेच झाले. टेकडीची पायवाट पावसात निसरडी होते आणि भाद्रपदापर्यंत गवत इतके वाढते की खालचा दगड दिसत नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रुंद आहेत खऱ्या, परंतु ओल्या दगडावर पाठीवर वजन आणि एका हातात छत्री घेऊन चढण्याचे धाडस आपल्या वयात करू नये. तिथे मी उघडिपीच्या दिवसांतच जाते, आणि तेही पिशवी घरी ठेवून.

यंदा पावसाळ्यासाठी मी दोन वाटा ठरवल्या आहेत. पहिली आमच्या इमारतीखालच्या वाहनतळाची. एक फेरी ८० पावलांची आहे. किती फेऱ्या झाल्या हे मोजत नाही, २० मिनिटे झाली की थांबते. वाट कंटाळवाणी आहे, हे कबूल केले पाहिजे. दुसरी वाट भाजीमंडईची, आणि ती मला अधिक आवडते. जाताना पिशवी रिकामी, येताना दोन-अडीच किलो. कांदे-बटाटे पाठीला टेकून आणि पालेभाजी बाहेरच्या बाजूला ठेवावी. पाऊस जोरात असेल त्या दिवशी रिक्षाने परतण्यात काही कमीपणा नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात आणि पुन्हा चैत्र-वैशाखात सकाळी सातच्या आत परतावे. वाढत्या वयात तहान उशिरा जाणवते, म्हणून रोपाचे पाणी वेगळे आणि आपले पिण्याचे वेगळे असावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हाळ्यात पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. थंडीत उलट करावे लागते. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि गारठ्यात रक्तदाब चढतो. तेव्हा मी आठ वाजता, यजमानांना सांभाळणाऱ्या मावशी आल्यावर, सारसबागेत जाते. जमीन सपाट, बसायला बाके, आणि कोवळे ऊन.

पंधरा दिवसांहून अधिक खंड पडला, तर पूर्वीच्या निम्म्या वजनापासून पुन्हा आरंभ करावा. गेल्या दिवाळीनंतर, उसण पुरती बरी झाल्यावर, मी एका बाटलीपासून सुरुवात केली. तिसरी बाटली पिशवीत यायला माघ उजाडला.

मणक्याचे हाड पूर्वी मोडलेले असेल, चालताना छातीत दुखत असेल, तोल जात असेल, हर्निया असेल, डोळ्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर पिशवी न घेता चालावे आणि वजनाचा विचार डॉक्टरांशी बोलल्यावाचून करू नये. हाताला मुंग्या आल्या किंवा कळ पायात उतरू लागली, तर पिशवी त्याच क्षणी खाली ठेवावी.

आमच्या घरी बाटल्या भरण्याचे काम यजमानांकडे आहे. डाव्या हाताने तीन बाटल्या भरून झाकणे लावायला त्यांना दहा मिनिटे लागतात, आणि मधे कोणी मदत केलेली त्यांना खपत नाही. परवा तिसरी बाटली अर्धीच भरलेली निघाली. मी विचारले, “अहो, ही अर्धीच का?” त्यांनी खिडकीकडे बोट दाखवले. पश्चिमेला आभाळ भरून आले होते.

आता त्यांना पावसाळ्यापुरते दुसरे काम हवे आहे. मंडईची यादी तेच करणार असे ठरले आहे, आणि तिच्यात कोहळा लिहायचा नाही, एवढी अट मी घातली आहे.